पावती फाडली, पुढे काय?

संस्था, संघटना आणि मंडळांच्या सभासदत्वाची ओळख

प्रतिनिधी, मोहने

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडून आंबिवलीला थांबते. स्थानकाजवळच, उल्हास नदीच्या काठी मोहने आहे. कित्येक दशके या गावाची ओळख एकाच नावाने सांगितली जात असे, ती म्हणजे ‘एनआरसी’. रेयॉनचे धागे बनविणाऱ्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या या कारखान्याने हजारो कुटुंबांना रोजगार दिला. त्याच्या आधाराने कामगार वसाहत उभी राहिली, बाजारपेठ वाढली. नोव्हेंबर २००९ मध्ये कारखान्यात टाळेबंदी झाली. पुढे कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, जागा अदानी समूहाकडे गेली आणि थकीत देण्यांसाठी कामगारांना वारंवार आंदोलने करावी लागली.

कारखान्याचे दार बंद झाले की हजेरीपटावरील नावाला अर्थ उरत नाही. मागे राहतात त्या दुसऱ्या काही नोंदवह्या. कामगार संघटनेची, पतसंस्थेची, गृहनिर्माण संस्थेची. त्या नोंदवहीत आपले नाव आहे काय, वर्गणी भरलेली आहे काय, पावती जपून ठेवली आहे काय, हे प्रश्न सुखाच्या दिवसांत कोणी विचारत नाही. संकटात मात्र सर्वांत आधी तेच विचारले जातात. एखाद्या संस्थेचे ‘सभासद असणे’ म्हणजे नेमके काय, कोणत्या संस्थेत त्याचा अर्थ कसा बदलतो आणि त्यातून कोणते हक्क मिळतात, याचा हा आढावा.

एक शब्द, दोन अर्थ

मराठीत ‘वर्गणी’ हा शब्द दोन वेगळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो. गणेशोत्सवात दारावर आलेल्या कार्यकर्त्यांकडून आपण पावती फाडून घेतो, तीही वर्गणीच. वाचनालयाचे वार्षिक शुल्क भरतो, तीही वर्गणीच. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोहोंत मोठे अंतर आहे.

पहिली पावती देणगीची. देणगीदाराने पैसे दिले, पण त्यामुळे त्याला मंडळाच्या सभेत मत देण्याचा किंवा पदाधिकारी निवडण्याचा अधिकार मिळत नाही. निव्वळ विश्वस्त पत्रकावर उभ्या असलेल्या न्यासातही असेच असते. तेथे विश्वस्त असतात आणि लाभार्थी असतात, सभासद असतातच असे नाही. दुसरी पावती सभासदत्वाची. ती घेताना आपण संस्थेची घटना मान्य करतो आणि त्या बदल्यात संस्था आपल्याला काही हक्क देते. सभासदत्व हा एक प्रकारचा करारच असतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी ‘ही पावती कशाची’ एवढे विचारणे हितावह ठरते.

सात जणांची संस्था

वाचनालये, नाट्यमंडळे, क्रीडामंडळे, शिक्षणसंस्था यांपैकी बहुसंख्य संस्थांची नोंदणी सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० या कायद्याखाली झालेली असते. किमान सात जण एकत्र आले तर अशी संस्था स्थापन करता येते. या कायद्याला चार वर्षे होतात न होतात तोच, १८६४ मध्ये, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आजच्या कल्याण-ठाणे पट्ट्यातील सार्वजनिक जीवन महापालिकांच्या कितीतरी आधी अशा सभासद-संस्थांतून आकाराला आले.

या कायद्यातील १५ वे कलम प्रत्येक सभासदाने वाचावे असे आहे. घटनेनुसार प्रवेश मिळालेली आणि वर्गणी भरलेली किंवा सभासद-यादीवर स्वाक्षरी केलेली व्यक्ती म्हणजे सभासद, असे ते सांगते. त्याच कलमात पुढे एक महत्त्वाची अट आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मतदान करता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. ऐन निवडणुकीच्या वेळी अनेकांची नावे मतदार यादीतून गळतात, त्यामागे बहुतेकदा ही थकबाकी असते.

संस्थेची उद्दिष्टे बदलणे किंवा संस्था विसर्जित करणे हे कार्यकारिणीच्या हाती नसते. त्यासाठी सभासदांच्या तीन-पंचमांश बहुमताची अट आहे. संस्था बंद झाली तरी शिल्लक मालमत्ता सभासदांना आपसात वाटून घेता येत नाही. ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते. जुन्या वाचनालयाची इमारत किंवा मंडळाचा भूखंड यांना आज जमिनीच्या भावामुळे मोठी किंमत आली आहे. त्या मालमत्तेचे रक्षण याच तरतुदींवर अवलंबून असते.

महाराष्ट्रात अशा संस्थांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदाही लागू होतो. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थांमधील बहुतेक भांडणे अखेरीस याच बदल अर्जाच्या सुनावणीत उभी राहतात. तेथे पुरावा म्हणून मागितली जाते ती सभासद नोंदवही, सभेची नोटीस आणि इतिवृत्त. भाषण कोणी चांगले केले याला तेथे महत्त्व नसते.

सहकार : एक सभासद, एक मत

सहकारी संस्थेत सभासद हा भागधारक असतो, परंतु कंपनीच्या भागधारकासारखा नव्हे. कंपनीत ज्याचे शेअर अधिक त्याची मते अधिक. सहकारात मात्र भाग कितीही असले तरी सभासदाला एकच मत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चा हा पाया आहे. नाममात्र सभासदाला मतदानाचा अधिकार नसतो. त्यामुळे कर्ज घेण्यापुरते नाममात्र सभासद झालेल्यांनी आपण संस्थेचे मालक आहोत, असा समज करून घेऊ नये.

पात्र व्यक्तीने रीतसर अर्ज केल्यास संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो. तसे न केल्यास अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. सभासदाला काढून टाकायचे असेल तर सभेला हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागते. त्याआधी संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि ठरावाला निबंधकांची मान्यताही आवश्यक असते. शेजाऱ्याशी वाद झाला म्हणून सोसायटीच्या अध्यक्षाने ‘तुमचे सभासदत्व रद्द’ असे सांगितले, तर त्या सांगण्याला कायद्यात आधार नाही.

डोंबिवली नागरी सहकारी बँक (१९७०), ठाणे जनता सहकारी बँक (१९७२) आणि कल्याण जनता सहकारी बँक (१९७३) या संस्था याच पट्ट्यात, नोकरदार मध्यमवर्गाच्या छोट्या भागांवर उभ्या राहिल्या. येथेही एक फरक ध्यानात घ्यायला हवा. सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये वाढविण्यात आली. त्याच बँकेतील सभासदाच्या भागाला मात्र हे संरक्षण नाही. पतसंस्थेतील ठेवीही या विम्याच्या कक्षेबाहेर आहेत. ठेवीदार पैसे ठेवतो, सभासद जोखीम स्वीकारतो. म्हणूनच वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा हक्क सभासदाला आहे. अहवालासोबतच्या अल्पोपाहारावर समाधान मानणे त्याला परवडणारे नाही.

कारखान्यातील पगारदार पतसंस्थांचे गणित आणखी वेगळे असते. सभासदाने लेखी संमती दिल्यावर कर्जाचा हप्ता मालकाने पगारातून कापून संस्थेकडे भरावा, अशी कायद्यात तरतूद आहे. या व्यवस्थेमुळे वसुली सुरळीत चालते. पण कारखानाच बंद पडला तर पगार थांबतो, कपात थांबते आणि संस्थेचा कणा एका महिन्यात मोडतो. ठेवी ठेवणारे आणि कर्ज घेणारे दोघेही त्याच बंद दाराबाहेर उभे असतात. एकाच मालकावर अवलंबून असलेल्या कोणत्याही पतसंस्थेचा सभासद होताना हा धोका ओळखून ठेवावा.

कामगार संघटना : वर्गणीचे मोल

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांचे संघटन सुरू केले. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने ते ओळखले जाते. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. परंतु या संघटनेला आजच्या अर्थाने सभासद नोंदवही नव्हती, नियमित वर्गणीही नव्हती. लोखंडे १८९७ मध्ये गेले आणि संघटनेचा जोर ओसरला. नेता मोठा असला तरी नोंदवहीशिवाय संघटना टिकत नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीकृत संघटनेला कायदेशीर अस्तित्व दिले. २००१ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील सभासदाची किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये ठरविली. संघटनेचे हिशेब आणि सभासद-यादी पाहण्याचा हक्क सभासदाला मिळाला. राजकीय निधी वेगळा ठेवणे बंधनकारक झाले आणि त्यात पैसे न देणाऱ्या सभासदाला इतर लाभांपासून वंचित ठेवता येत नाही. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आली. निवृत्त किंवा कपात झालेला कामगार संघटनेच्या पदासाठी ‘बाहेरचा’ मानला जाणार नाही. बंद कारखान्यांच्या गावांत या एका वाक्याचे महत्त्व फार आहे.

हा कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर ज्या संघटनेकडे ५१ टक्के किंवा अधिक कामगार सभासद असतील, तिला वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. कोणाकडेच ५१ टक्के नसल्यास किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद स्थापन होते. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यतेसाठी सहा महिन्यांची किमान ३० टक्के सभासदसंख्या हा निकष ठेवला होता. टक्केवारी बदलली तरी सूत्र तेच आहे. मालकासमोर कोण बसणार, हे सभासदांची मोजणी ठरविते.

आता मोहनेसारख्या गावापुढील खरा प्रश्न. कंपनी बुडाली तर सभासदत्वाचा उपयोग काय? कानपूरच्या जुग्गीलाल कमलापत ज्यूट मिलच्या प्रकरणात याचे उत्तर मिळाले. सुमारे तीन हजार कामगारांच्या थकबाकीसाठी तेथील युनियनने दिवाळखोरी कायद्याखाली नोटीस बजावली होती. युनियनला तसा अधिकार आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. नोंदणीकृत युनियन आपल्या सभासदांच्या वतीने ‘ऑपरेशनल क्रेडिटर’, म्हणजे व्यवहारातील धनको, म्हणून अर्ज करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करून त्याचा खर्च सोसावा, ही अपेक्षा न्यायालयाने मान्य केली नाही.

या निर्णयाचे महत्त्व पुढच्याच वर्षी वाढले. २४ मार्च २०२० पासून दिवाळखोरीचा अर्ज करण्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपये झाली. एकट्या कामगाराचे देणे कोटीच्या घरात जाणे जवळजवळ अशक्य आहे. एकत्रित आकडा मात्र ती मर्यादा सहज ओलांडू शकतो. कामगाराच्या हाती असलेला हा मार्ग संघटनेच्या सभासद-यादीतून जातो.

प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर कामगाराला स्वतःचा दावा स्वतंत्रपणे दाखल करता येतो, किंवा अनेकांच्या वतीने प्रतिनिधीलाही तो करता येतो. कंपनी विसर्जनात काढली गेल्यास त्याआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण धनकोंच्या बरोबरीने मोजली जातात. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून मिळणाऱ्या रकमा विसर्जनाच्या मालमत्तेत धरल्या जात नाहीत. हे सारे मिळविण्यासाठी लागतात कागद. वेतनचिठ्ठी, नेमणूकपत्र, सेवाक्रमांक आणि युनियनची पावती. टाळेबंदीनंतर गावी परतलेल्या किंवा वारलेल्या कामगाराच्या वारसांना ते शोधावे लागतात, तेव्हा पत्र्याच्या पेटीत जपलेल्या एका पावतीचे मोल कळते.

व्यावसायिक संस्था : नोंदणी वेगळी, सभासदत्व वेगळे

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांच्या संस्थांबाबत सर्वसामान्यांत बराच गोंधळ असतो. येथे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करावे लागतात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी डॉक्टरला सक्तीची आहे. तिच्याविना व्यवसाय करता येत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० श्रेयांकांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते. १९२८ मध्ये स्थापन झालेली इंडियन मेडिकल असोसिएशन ही मात्र ऐच्छिक संघटना आहे. तिचे सभासद नसलेला डॉक्टरही अधिकृत असू शकतो. एखाद्या डॉक्टरविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करायची असेल तर ती परिषदेकडे करावी लागते, असोसिएशनकडे नव्हे.

वकिलांचेही तसेच. सनद मिळते ती १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून. न्यायालयातील वकील संघटना ही त्यांची ऐच्छिक संस्था असते. एकाहून अधिक वकील संघटनांचे सभासद असलेल्यांनी सर्वत्र मतदान करावे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०११ मध्ये ‘एक बार, एक मत’ या तत्त्वाला मान्यता दिली. सनदी लेखापालांच्या बाबतीत मात्र १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सभासदत्व हाच व्यवसायाचा पाया आहे. त्याशिवाय ‘सीए’ ही उपाधी लावता येत नाही.

नावापुढे लांबलचक आद्याक्षरे लावणाऱ्या व्यक्तीकडे जाताना ग्राहकाने एवढेच विचारावे, की यातील परवाना कोणता आणि हौसेचे सभासदत्व कोणते.

प्रवेश नाकारणे, काढून टाकणे

संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ (१) (ग) या कलमाने दिला आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीने त्यात सहकारी संस्थांचाही समावेश झाला. या हक्काला दोन बाजू आहेत. १९७१ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारला कायदा करून एखाद्या संस्थेवर नको असलेले सभासद लादता येणार नाहीत, असे म्हटले. कोणाबरोबर एकत्र यायचे हे ठरविणे हाही संघटनास्वातंत्र्याचा भाग मानला गेला. २००५ मध्ये पारशी समाजाच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधीही न्यायालयाने ग्राह्य धरला. शहरी समाजात घर मिळण्याच्या प्रश्नावर या निकालाचा परिणाम काय होतो, यावर तेव्हापासून मतभेद आहेत.

सभासदाला काढून टाकण्यासंबंधीचा आजही उद्धृत होणारा निकाल बेळगावच्या एका प्रकरणातील आहे. तेथील ‘लॉज व्हिक्टोरिया’ या फ्रीमेसन संस्थेने आपल्या एका सभासदाला काढून टाकले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. १९६२ मध्ये न्यायालयाने सभासदाच्या विरोधात निकाल दिला. मात्र त्या निमित्ताने मांडलेले तत्त्व सर्व सभासदांच्या उपयोगाचे ठरले. संस्थेत प्रवेश करणारा तिच्या नियमांना बांधील होतो. संस्थाही त्या नियमांना तेवढीच बांधील असते. नियमाप्रमाणे कार्यवाही झाली, प्रामाणिकपणे झाली आणि संबंधिताला म्हणणे मांडू दिले, तर निर्णय बरोबर की चूक यात न्यायालय शिरत नाही. यातील एकही गोष्ट चुकली असेल तर मात्र न्यायालयाचे दार उघडे राहते.

म्हणून संस्थेची घटना ही संस्थाचालकांच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. ती सभासदाचे संरक्षण आहे.

सभासद होताना हे पाहावे

– संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे? नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला आहे काय?
– पावती देणगीची आहे, प्रवेश शुल्काची आहे की वार्षिक वर्गणीची?
– सभासदत्वाचा प्रकार कोणता? सर्वसाधारण, आजीव, सहयोगी की नाममात्र? मतदानाचा हक्क आहे काय?
– घटनेची किंवा उपविधींची प्रत मिळाली काय? नसल्यास लेखी मागणी करावी.
– सभेची नोटीस कोणत्या पत्त्यावर येते? घर बदलल्यावर पत्ता लेखी कळवून पोच घ्यावी. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, या सबबीचा फायदा सभासदाला क्वचितच मिळतो.
– सहकारी संस्थेत वारस नोंद केली आहे काय?
– पावत्या, ओळखपत्र आणि पासबुकाच्या प्रती घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही सापडतील अशा ठिकाणी आहेत काय?

गणपूर्तीची गोष्ट

बहुतेक संस्थांच्या सर्वसाधारण सभेत एक दृश्य हमखास दिसते. ठरलेल्या वेळी गणपूर्ती होत नाही. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि नंतर त्याच ठिकाणी, हजर असलेल्या मोजक्या सभासदांच्या उपस्थितीत पुन्हा सुरू होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, अशी तरतूद अनेक घटनांत केलेली असते. या अर्ध्या तासाच्या फरकाने कोट्यवधींच्या मालमत्तेचे, पुनर्विकासाचे, कर्जवाटपाचे निर्णय मूठभर लोकांकडून होतात आणि ते कायदेशीरही ठरतात. न आलेल्यांची तक्रार वर्तमानपत्रांच्या कार्यालयात येते, पण तोवर इतिवृत्त कायम झालेले असते.

मोहने येथे कारखाना बंद झाला, वसाहतीतील माणसे पांगली. तरीही देण्यांचा प्रश्न इतकी वर्षे जिवंत राहिला, तो एकेकट्या तक्रारींमुळे नव्हे. एकत्र आलेल्या नावांमुळे तो टिकला. वर्षाकाठी बारा रुपयांची वर्गणी ही रक्कम म्हणून अगदी क्षुल्लक. मात्र तिच्या पावतीवर जे नाव लिहिलेले असते, ते ‘अमुक एक कामगार’ राहत नाही, ‘सभासद’ होते. हा फरक कागदावरचा असला तरी ज्याच्यावर वेळ येते त्याला तो पुरता कळतो. आपले नाव कोणकोणत्या नोंदवहीत आहे आणि ते तेथे अजून जिवंत आहे काय, हे वेळ येण्यापूर्वीच एकदा जाऊन पाहिलेले बरे.